‘सोपे आहे’ असे लिहू नका

बदली होऊन नव्या गावी रुजू झालेल्या शिक्षकाचा पहिला दिवस आठवा. एस.टी.तून उतरल्यावर आपण टपरीवर विचारतो, ‘हायस्कूल कुठे आले?’ चहावाला हातातले काम न थांबवता सांगतो, ‘ते काय, जवळच आहे. पाटलांच्या वाड्यावरून वळा, जुन्या टाकीपाशी उजवीकडे, की आलीच शाळा.’ आपण चालू लागतो. पाटलांचा वाडा कोणता, ते आपल्याला ठाऊक नसते. जुनी टाकी तर शोधूनही सापडत नाही, कारण ती पाडून दहा वर्षे झालेली असतात. गावातले लोक मात्र त्या मोकळ्या जागेला अजून ‘जुनी टाकी’च म्हणतात.

चहावाल्याने आपल्याला फसवले का? मुळीच नाही. त्याने मनापासून मदत केली. अडचण एवढीच, की त्याला गाव फार चांगले माहीत आहे. गाव माहीत नसलेल्या माणसाला काय दिसते, हे त्याला आता आठवत नाही.

संगणकाच्या क्षेत्रात हीच अडचण रोज लाखो लोकांना येते. तेथे वाट सांगण्याच्या कामाला डॉक्युमेंटेशन म्हणतात. एखादी आज्ञावली कशी बसवायची, कशी वापरायची, ती अशीच का बनवली आहे, या सर्वांचे लेखन म्हणजे डॉक्युमेंटेशन. आपण त्याला माहितीलेखन म्हणू. हे काम दुय्यम मानण्याची रीत जुनी आहे. ते नीट करायचे ठरवले तर काय काय करावे लागते, हे एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहू. उदाहरण संगणकाचे असले तरी त्यातले प्रश्न आपल्या वर्गातलेच आहेत.

एका वर्तमानपत्रातून निघालेली चौकट

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे गाव आहे. तेथील ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वर्तमानपत्राच्या संकेतस्थळाचे काम एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन हे दोघे २००३ मध्ये करत होते. वर्तमानपत्राचे काम म्हटले की घाई आलीच. आज ठरलेली गोष्ट काही दिवसांत, कधी काही तासांत वाचकांपुढे यायला हवी.

बातम्यांचे पान असो, ग्रंथालयाची यादी असो की परीक्षेच्या निकालाचे संकेतस्थळ, त्यांतील बरीच कामे सारखीच असतात. माहिती साठवायची, ती शोधून पानावर मांडायची, वाचकाने भरलेला तक्ता तपासायचा, कोणाला काय बदलण्याचा अधिकार आहे ते पाहायचे. ही कामे दर वेळी नव्याने लिहिण्याऐवजी एकदाच चांगली लिहून ठेवावीत आणि पुढच्या प्रत्येक संकेतस्थळासाठी वापरावीत, अशा तयार चौकटीला वेब फ्रेमवर्क म्हणतात. लॉरेन्सच्या कचेरीत पायथन या संगणकभाषेत अशी एक चौकट तयार झाली. तिला जँगो हे नाव मिळाले ते जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून. जुलै २००५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली आणि २००८ पासून जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशन ही ना-नफा संस्था तिचा सांभाळ करते.

खुली म्हणजे काय? जँगोच्या मूळ आज्ञा कोणीही वाचू शकतो, वापरू शकतो, बदलू शकतो. त्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत. पण येथे एक प्रश्न उभा राहतो. समजा, एखाद्या मोठ्या कोठाराचे दार उघडे ठेवले आणि आतल्या हजारो डब्यांपैकी एकावरही चिठ्ठी लावली नाही, तर ते कोठार कोणासाठी उघडे आहे? ज्याने डबे भरले त्याच्यासाठी. बाकीच्यांना परवानगी आहे, पण उपयोग नाही. खुल्या आज्ञावलीचेही असेच आहे. तिचा परवाना तिला कायद्याने खुली करतो. व्यवहारात ती खुली होते ती माहितीलेखनामुळे.

टिचक्यांचे गाणे

मग जाणकार माणसे चांगली माहिती का लिहीत नाहीत? आळस हे एक कारण असेलही. पण त्याहून खोल असे एक कारण आहे, आणि ते एका गमतीच्या प्रयोगातून दिसते.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने १९९० मध्ये आपल्या प्रबंधासाठी हा प्रयोग केला. दोघांची जोडी करायची. एकाने सर्वांच्या परिचयाचे गाणे मनात धरून त्याचा ठेका टेबलावर बोटाने वाजवायचा. दुसऱ्याने गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांना आधी विचारले, ‘किती वेळा ओळखले जाईल?’ त्यांचा अंदाज होता, निम्म्या वेळा. प्रत्यक्षात १२० गाण्यांपैकी फक्त ३ ओळखली गेली!

असे का व्हावे? टिचक्या मारताना वाजवणाऱ्याच्या मनात सूर, शब्द, वाद्ये असे संपूर्ण गाणे चालू असते. ऐकणाऱ्याला मात्र टेबलावरची टकटक तेवढी ऐकू येते. वाजवणाऱ्याने कितीही प्रयत्न केला तरी त्याला मनातले गाणे बंद करून नुसती टकटक ऐकता येत नाही. जे एकदा कळले ते न कळल्यासारखे करणे मनाला जमत नाही. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी १९८९ मध्ये याला ‘ज्ञानाचा शाप’ असे नाव दिले.

आज्ञावली लिहिणारा जेव्हा माहिती लिहितो, तेव्हा तोही टिचक्याच मारत असतो. ‘सर्व्हर सुरू करा आणि पान उघडा’ या वाक्यात त्याला सर्व काही आले असे वाटते. नवख्याला प्रश्न पडतो, सर्व्हर कोठून सुरू करायचा? आज्ञा दिल्यावर खिडकी तशीच अडकून राहिली, म्हणजे बिघडले का? पान कोठे उघडायचे? या प्रश्नांची उत्तरे लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतात, कागदावर नसतात.

वाचक एक, गरजा चार

माहिती कमी पडते म्हणून वाचक अडतो, असे आपल्याला वाटते. पुष्कळदा माहिती भरपूर असते, पण चुकीच्या वेळी हाती येते. आपल्या बदलीच्या गावाकडे पुन्हा वळू.

पहिल्या दिवशी आपल्याला हवा असतो बोट धरून नेणारा सहकारी. ‘चला, मी दाखवतो’ म्हणणारा. वाटेतल्या प्रत्येक गल्लीचे नाव तो सांगू लागला तर आपण गोंधळू. आठवड्याने आपण थोडे सरावतो आणि नेमका प्रश्न विचारतो, ‘पंचायत समितीत बिल द्यायचे आहे, कसे जाऊ?’ आता बोट नको, पायऱ्या हव्यात. महिन्याने आपल्याला गावाचा नकाशा पुरतो. गरज पडली की त्यात पाहायचे आणि घडी करून ठेवायचे. आणि एखाद्या संध्याकाळी पारावरचे आजोबा सांगतात, की बाजार नदीपासून एवढा लांब का, तर जुन्या पुरात आधीची पेठ वाहून गेली म्हणून. त्या दिवशी आपल्याला गाव समजते.

बोट धरणे, वाट सांगणे, नकाशा आणि गावाची गोष्ट या चार वेगवेगळ्या वस्तू आहेत. जँगोची माहिती आज अशाच चार भागांत मांडलेली आहे. पहिला भाग धड्यांचा, नवख्याला हात धरून नेणारा. दुसरा ‘अमुक कसे करावे’ असा, कामात अडलेल्यासाठी. तिसरा संदर्भाचा; प्रत्येक आज्ञा, तिचे पर्याय, तिची उत्तरे यांची कोरडी पण अचूक यादी. चौथा विषय समजावून देणारा.

ही मांडणी एका दिवसात झाली नाही. जँगोची १.० ही आवृत्ती सप्टेंबर २००८ मध्ये आली, त्याच्या थोडे आधी सर्व माहिती नव्याने रचली गेली. हे काम पुढे नेणाऱ्यांपैकी जेकब कॅप्लन-मॉस यांनी २००९ मध्ये आपला अनुभव लिहिला. आज्ञावलीतून यंत्राने आपोआप काढलेली यादी म्हणजे माहितीलेखन नव्हे, ते माणसानेच माणसासाठी लिहायला हवे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे जँगोच्याच परिवारातील डॅनियेल प्रोचिदा यांनी चार भागांच्या या विचाराला नीट शास्त्रीय रूप दिले. त्यांच्या पद्धतीला आज ‘डायटॅक्सिस’ म्हणतात आणि जँगोबाहेरचे अनेक प्रकल्पही ती वापरतात.

या पद्धतीतले मुख्य सूत्र आहे, हे चार भाग एकमेकांत मिसळू देऊ नयेत. धडा चालू असताना मध्येच ‘याचे आणखी सात पर्याय आहेत’ असे सांगितले की शिकणाऱ्याचे बोट सुटते. आणि नकाशात गावाच्या गोष्टी घातल्या की नकाशा वाचता येत नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांतला एखादा न कळणारा पाठ काढून पाहा. पुष्कळदा एकाच पानावर कृती, व्याख्या, इतिहास आणि सूत्र अशी सारी गर्दी झालेली आढळेल.

पहिल्या धड्यातला इशारा

आता जँगोचा पहिला धडा जवळून पाहू. आज तो आठ भागांत आहे. त्यात वाचक एक लहानसे मतदानाचे संकेतस्थळ तयार करतो. लोकांनी प्रश्न वाचून मत द्यायचे आणि चालकाने आतल्या बाजूने प्रश्न घालायचे किंवा बदलायचे. उदाहरण छोटे आहे, पण खऱ्या संकेतस्थळाची सर्व प्रमुख अंगे त्यात येतात.

सुरुवातीच्या काही आज्ञा दिल्या की ब्राउझरमध्ये उड्डाण करणारे एक रॉकेट आणि अभिनंदनाचा मजकूर दिसतो. हा नुसता शोभेचा भाग नाही. आतापर्यंतचे सर्व बरोबर झाले आहे, याची खूण वाचकाला मिळते. प्रयोगवहीत ‘द्रावण निळे होईल’ असे लिहिलेले असते, तसेच हे. प्रत्येक पायरीनंतर काय दिसायला हवे ते सांगितले नाही, तर चूक पाचव्या पायरीला होते आणि कळते विसाव्या पायरीला.

याच ठिकाणी आणखी एक बारीक गोष्ट आहे. सर्व्हर प्रथमच सुरू केला की पडद्यावर एक इशारा उमटतो. माहितीसाठ्यातील काही बदल अजून लागू केलेले नाहीत, असे त्यात म्हटलेले असते. जाणकार त्याकडे पाहतही नाही. नवख्याचा मात्र धीर सुटतो; त्याला वाटते, आपण काहीतरी मोडले. जँगोच्या धड्यात तेथेच सांगितले आहे, की या इशाऱ्याकडे सध्या दुर्लक्ष करा, माहितीसाठ्याचे काम आपण लवकरच पाहणार आहोत.

हे एक वाक्य कोणत्याही तांत्रिक ज्ञानातून सुचत नाही. वाचक या ठिकाणी घाबरतो, हे कोणीतरी पाहिल्याशिवाय ते लिहिता येत नाही. चांगल्या माहितीलेखनाची ओळख अशा वाक्यांत पटते.

‘फक्त’ या शब्दाची किंमत

जँगोसाठी लिहिणाऱ्यांना एक नियम सांगितलेला आहे. काम किरकोळ आहे असे भासवणारे शब्द टाळावेत. ‘सहज’, ‘साधेच’, ‘फक्त’, ‘सरळसोट’ या अर्थाचे इंग्रजी शब्द तेथे नावानिशी दिले आहेत.

वरकरणी हा नियम विचित्र वाटेल. सोपे आहे असे सांगून वाचकाला धीर द्यायला नको का? पण वाचकाच्या जागी बसून पाहा. ‘आता फक्त ही फाइल बदला’ हे वाक्य वाचले आणि काम जमले, तर ‘फक्त’ या शब्दाने काही दिले नाही. काम जमले नाही, तर त्याच शब्दाने सांगितले की हे तर सर्वांना जमते, तुला जमत नाही म्हणजे उणीव तुझ्यात आहे. म्हणजे या शब्दाचा फायदा कोणालाच नाही आणि तोटा मात्र ज्याला मदतीची सर्वांत जास्त गरज आहे त्यालाच. असा वाचक तक्रार करत नाही. तो मुकाट्याने संगणक बंद करतो आणि ‘आपल्याला यातले काही कळत नाही’ असे ठरवून टाकतो. प्रकल्प चालवणाऱ्यांना तो गेल्याचे कधी कळतही नाही.

फळ्यापुढे उभे राहून ‘हे तर अगदी सोपे आहे’ असे आपण सर्वांनीच म्हटलेले आहे. त्यानंतर वर्गात हात वर होणे थांबते, हेही आपण पाहिले आहे. तेव्हा आपल्याला वाटते, की सर्वांना समजले.

पाडलेल्या टाकीची काळजी

माहिती एकदा उत्तम लिहिली तरी काम संपत नाही. जँगोची नवी आवृत्ती साधारण दर आठ महिन्यांनी येते. काही जुन्या आज्ञा जातात, नव्या येतात. कालची बरोबर माहिती आज पाडलेली टाकी होते, आणि चुकीची माहिती ही माहिती नसण्यापेक्षा वाईट. कारण वाचक तिच्यावर विश्वास ठेवून चालू लागतो.

यावर जँगोने योजलेला उपाय साधा आणि कडक आहे. माहिती ही आज्ञावलीच्या शेजारी, त्याच साठ्यात ठेवली जाते. एखाद्याने नवी सोय तयार करून पाठवली आणि तिची माहिती लिहिली नाही, तर काम अपुरे मानले जाते. कोणती सोय कोणत्या आवृत्तीपासून आली, हे त्या त्या ठिकाणी नोंदवले जाते. एखादी सोय काढून टाकायची असेल तर ती लगेच काढत नाहीत. आधी सूचना देतात आणि पुढच्या निदान दोन आवृत्त्यांपर्यंत ती चालू ठेवतात. जुन्या आवृत्तीची पाने वाचणाऱ्याला तसे वर ठळकपणे सांगितले जाते.

काही कामे यंत्रावर सोपवता येतात. जँगोची माहितीपाने तयार होतात ती ‘स्फिंक्स’ या आज्ञावलीने. गेओर्ग ब्रांडल यांनी ती पायथन भाषेच्या माहितीसाठी बनवली आणि २००८ मध्ये ती सर्वांना मिळाली. एका पानाने दुसऱ्या पानाकडे बोट दाखवले आणि ते पान नसेल, तर ती तक्रार करते. शुद्धलेखनही यंत्राने तपासता येते. पायथनमध्ये तर लिहिलेली उदाहरणे खरोखर चालवून, छापलेले उत्तर आणि आलेले उत्तर जुळते का, हे पाहण्याचीही सोय आहे. टाकी पाडली गेली, हे यंत्र सांगू शकते. पण वाटसरू कोठे घाबरेल, हे यंत्राला सांगता येत नाही.

अलीकडे अनेकजण आपले प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारतात. मग माहितीलेखनाची गरज संपली का? उलट आहे. ती यंत्रे अशाच लिखित मजकुरावर शिकलेली असतात, आणि जुन्या आवृत्तीचे उत्तर नवे म्हणून देण्याची चूक त्यांच्याकडूनही होते. मुळातली विहीर स्वच्छ नसेल तर पोहऱ्याला दोष देऊन काय उपयोग?

नवख्याची नजर

मग सुधारणा करायची कोणी? येथे एक गमतीची उलटापालट दिसते. आज्ञावली सुधारायला तज्ज्ञ लागतो. माहितीतली खोट मात्र नवख्यालाच अचूक दिसते, कारण मनातले गाणे त्याच्यापाशी अजून आलेलेच नसते. ही त्याची नजर फार दिवस टिकत नाही. काही आठवड्यांत तोही गावकरी होतो आणि ‘जुन्या टाकीपाशी वळा’ म्हणू लागतो. म्हणून अडलेली जागा अडल्या क्षणीच लिहून ठेवायला हवी. जँगोत शब्दातील चूक दुरुस्त करायची असेल तर आधी रीतसर तक्रार नोंदवावी लागत नाही. दुरुस्ती थेट पाठवता येते. बारावीतला विद्यार्थीही हे काम करू शकतो.

आणखी पुढे जाऊन कोणी नवे पुस्तकही लिहू शकतो. जँगोचा मूळ धडा वाचकाला पायथन थोडीफार येते असे धरून चालतो. ज्यांनी आयुष्यात एकही आज्ञा लिहिलेली नाही, त्यांनी काय करावे? ओला सितार्स्का आणि ओला सेंदेत्स्का या दोघींनी २०१४ मध्ये बर्लिन येथे स्त्रियांसाठी एक मोफत कार्यशाळा घेतली आणि तिच्यासाठी वेगळा धडा लिहिला. त्याची सुरुवात जँगोपासून नाही, तर इंटरनेट कसे चालते येथपासून आहे. मग संगणकाला लिखित आज्ञा देणे म्हणजे काय, मग पायथन आणि मगच जँगो. ‘जँगो गर्ल्स’ या नावाने ही चळवळ पुढे अनेक देशांत पसरली आणि त्या धड्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली. जँगोची आज्ञावली त्यासाठी बदलावी लागली नव्हती. वाचक कोण आहे, याचे उत्तर तेवढे बदलले होते.

वर्गात करून पाहा

१. दोन-दोन विद्यार्थ्यांच्या जोड्या करून टिचक्यांचा प्रयोग घ्या. वाजवणाऱ्याचा अंदाज आधी लिहून घ्यायला विसरू नका. सारी गंमत त्या दोन आकड्यांतल्या फरकात आहे.

२. वरच्या वर्गातील मुलांना एखाद्या परिचित प्रयोगाची कृती लिहायला सांगा. सूचिछिद्र कॅमेरा चालेल. ती कृती खालच्या वर्गातील एका मुलाच्या हाती द्या. लिहिणाऱ्याने शेजारी बसायचे, पण बोलायचे नाही आणि हातही लावायचा नाही. मूल जेथे थांबेल तेथे फक्त खूण करायची.

३. खुणा केलेल्या जागी कृती पुन्हा लिहा. कोठे पायरी गळली, कोठे शब्द अनोळखी होता, कोठे ‘काय दिसायला हवे’ ते सांगितले नव्हते, याची विभागणी करा.

दुसऱ्या प्रयोगात गप्प बसणे लिहिणाऱ्याला फार जड जाते. ‘अरे, तसे नाही, असे!’ हे ओठांवर येते. ते वाक्य गिळायचे आणि कागदावर लिहायचे. कारण पुढच्या खेपेला कृती वाचणाऱ्याच्या शेजारी आपण असणार नाही.